आईची विचारपूस

रायगडावरच्या हिरकणी बुरुजाची गोष्ट मराठी मुलांना अक्षरओळख होण्याआधीच कळते. गडाच्या पायथ्याची गवळण दूध घालायला वर आली, विकता विकता सांज झाली आणि दरवाजे बंद झाले. घरी तान्हं बाळ. पहारेकरी नियमावर बोट ठेवून उभे. शेवटी ती अंधारात उभा कडा उतरून बाळाकडे गेली. महाराजांनी तिला साडीचोळी देऊन तिचा मान केला आणि ज्या कड्यावरून ती उतरली तिथे बुरूज बांधून घेतला, असं दंतकथा सांगते. २०१९ मध्ये या कथेवर चित्रपटही आला. गोष्ट ऐकताना ऊर भरून येतो आणि एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी त्या रात्री दिंडी का उघडली नाही? कथेतल्या राज्याने तिचं धाडस पाहिलं, तिचा सन्मान केला आणि कडा बांधून काढला. पुढच्या बाईला आता तीही वाट उरली नाही.

आज एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी असलेल्या खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात. कल्पना चांगली आहे, गरजेची आहे. पण कुठे कुलूप, कुठे अडगळ, कुठे आत बसायला बाकडं नाही, अशा बातम्या मराठी वर्तमानपत्रांत वारंवार आल्या आहेत. खोलीला नाव देताना जेवढा उत्साह होता, तेवढा तिची किल्ली कोणाकडे राहणार हे ठरवताना टिकला नाही.

मातृत्वाविषयीच्या आपल्या एकूण बोलण्यात हीच खोट आहे. आईचा गौरव करणाऱ्याला त्यापलीकडे काही करावं लागत नाही. तिची विचारपूस करणाऱ्याला मात्र उत्तर ऐकावं लागतं आणि उत्तर ऐकलं की रात्री उठावं लागतं, रजा द्यावी लागते, पैसे मोजावे लागतात, कधी तिला डॉक्टरकडे न्यावं लागतं. म्हणूनच आईवरच्या कविता पाठ असलेल्या घरांतही ‘तू झोपलीस का?’ हा प्रश्न बाळंतिणीला फार कमी वेळा विचारला जातो.

मराठीतल्या मातृगौरवाचा मानदंड म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आचार्य अत्र्यांनी त्यावर केलेल्या चित्रपटाला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. या पुस्तकावर भाबडेपणाचा आरोप नेहमी होतो. पण तो पुस्तकापेक्षा आपल्या वाचण्याला जास्त लागू पडतो. आपण लक्षात काय ठेवलं? अंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून लेकरासाठी लुगड्याचा ओचा पसरणारी आई. त्याच पुस्तकात पोहायला घाबरून लपून बसलेल्या मुलाला फोकाने वळ उठेपर्यंत मारणारी आणि मग ते वळ पाहून रडणारी आईसुद्धा आहे. कर्जापायी घराची अब्रू जाताना पाहणारी, सावकाराच्या माणसाचं वाटेल ते बोलणं ऐकून घेणारी, पोटचं मूल गमावलेली, दुखण्याने खंगत गेलेली आणि शिकायला लांब गेलेला मुलगा घरी पोहोचण्याआधीच डोळे मिटलेली बाई तिथे आहे. गुरुजींनी काही लपवलं नाही. आपण मात्र तिच्या शिकवणुकीचे धडे केले, शाळाशाळांत वाचले आणि तिच्या आजारपणाकडे सोसण्याचा एक नमुना म्हणून पाहिलं. तिला वेळेवर औषध, विश्रांती आणि पोटभर अन्न मिळालं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न पुस्तक वाचून रडणाऱ्या वाचकांच्या चर्चेत क्वचितच येतो.

गौरवाला अटीही असतात, आणि त्या फार कडक असतात. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं, त्यामागे काशीबाई नावाच्या विधवेची हकिकत होती. फसवल्या गेलेल्या या बाईला दिवस राहिले. बाळंत झाल्यावर लोकलज्जेपायी तिने मूल मारून विहिरीत टाकलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुल्यांनी ही हकिकत १८८४ मध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात लिहून ठेवली आहे. त्यांच्या घरी पस्तीस विधवा बाळंत होऊन गेल्या, अशी नोंदही त्यात आहे. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली, पण दरम्यान वर्तमानपत्रांनी तमाम बायकांच्या नावाने खडे फोडले. त्या संतापातून ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. बाळंतीण तीच, कळा त्याच, दूधही तेच. कपाळी कुंकू होतं तर ओटी भरायची, नसलं तर विहीर दाखवायची. हीच मोजपट्टी मूल नसलेल्या बाईलाही लावली गेली. डोहाळजेवणात तिला मागच्या रांगेत बसवणारी घरं आजही आहेत.

त्या काळी ‘सुदैवी’ मातृत्वाचीही अवस्था काय होती, ते आनंदीबाई जोशींच्या चरित्रात दिसतं. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही, ही खंत पुढे त्यांना अमेरिकेला घेऊन गेली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. पदवीसाठीचा त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता.

आणि ज्यांच्या वाट्याला ओटीही नव्हती आणि डोहाळजेवणही नव्हतं, त्यांचं काय? त्यासाठी बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ वाचावं लागतं. १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या आत्मकथनातली बाळंतपणाची पानं मराठीतल्या अत्यंत प्रामाणिक पानांपैकी आहेत. महारवाड्यातल्या कोवळ्या वयाच्या पोरी, अडलेली बाळंतपणं, भोवती जमलेल्या बायकांचे अडाणी पण जिवापाडचे उपाय, आणि सगळ्यांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे बाळंतिणीची भूक. बाळ जन्मलं आहे, अंगातलं रक्त गेलं आहे आणि घरात तिच्या तोंडात घालायला काही नाही. पोटाला घट्ट बांधून पडून राहायचं. बेबीताई हे लिहिताना हुंदका काढत नाहीत की आईपणाला थोरवी चिकटवत नाहीत. त्या बाया आपल्या लेकरांवर जीव टाकत होत्याच. त्या उपाशी होत्या, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर मांडण्याचं धैर्य त्यांच्या लेखणीत आहे आणि आईपणावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते तिथून शिकावं.

बाळंतिणीचे हे हाल मोजले गेले तेव्हा काय दिसलं, ते पाहण्यासाठी आता गोव्याकडे वळू. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा या डॉक्टरांनी तिथल्या बाळंतिणींचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरकारी रुग्णालयात गरोदरपणात नाव नोंदवलेल्या २७० स्त्रियांपासून सुरुवात करून बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना पुन्हा गाठलं गेलं. तेवीस टक्के स्त्रियांना नैराश्याचा विकार होता. त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. बहुतेकींचा त्रास तर गरोदरपणातच सुरू झाला होता, म्हणजे वेळीच कोणी विचारलं असतं तर कळलं असतं.

या अभ्यासाची खरी ताकद कारणांच्या शोधात आहे. गरिबी, उपासमार, नवऱ्याशी बिनसलेलं नातं, मारहाण, आणि मुलगी होणं. मुलगा झाला तर बाकीच्या त्रासाची धार थोडी बोथट होते, मुलगी झाली तर तीच मारहाण आणि तीच भूक बाईला अधिक खोल नेते. बाळंतिणीचं मन तिच्या घरातून असं घडतं. संप्रेरकांचा वाटा असतोच, पण पाळण्यात मुलगी दिसल्यावर सासूचा चेहरा कसा झाला, हेही त्या आजाराचं कारण असू शकतं. ही गोष्ट भारतातल्या बाईला नवी नाही. ती मोजली गेली, हे नवं होतं. पुढे २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये भारतातल्या अडतीस अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. वीस हजारांहून अधिक मातांच्या माहितीतून निघालेला आकडाही जवळपास तेवढाच होता. बाळंतपणानंतरचं नैराश्य बावीस टक्क्यांना, म्हणजे साधारण पाचांतल्या एकीला.

पाचांतली एक म्हणजे कोणत्याही चाळीत, वाडीत, सोसायटीत ती आहेच. ती दिसत नाही, कारण तिच्या रडण्याला उत्तर तयार असतं. ‘आम्ही नाही का चार-चार काढली?’ ‘सोन्यासारखं बाळ आहे, आता तुला काय कमी?’ ‘दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या उतरवा.’ ही वाक्यं बोलणाऱ्या बायका वाईट नसतात. त्यांनीही हेच ऐकलेलं असतं आणि आपला त्रास गिळलेला असतो. पण ‘मला बाळाजवळ जावंसं वाटत नाही’ हे वाक्य एखादीच्या ओठांवर आलं, तर ते बाहेर पडण्याआधीच परत जातं. आईला असं वाटूच शकत नाही, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं असतं. तसं वाटलं, तर आपण आईच नाही, असा हिशेब ती स्वतःशी मांडते. भाबड्या गौरवाचा सगळ्यांत मोठा अपराध हा आहे. आजारी बाईला तो अपराधी करतो.

इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९४७ मधल्या एका व्याख्यानात आईला आपल्या तान्ह्या बाळाचा राग, अगदी द्वेष का वाटतो, याची अठरा कारणं मांडली. मुलांवर आणि आयांवर आयुष्य वेचलेला हा माणूस होता आणि आईला बदनाम करण्याचा त्याचा हेतू नव्हता. त्याचं म्हणणं असं, की बाळ तिचं शरीर दुखावतं, तिची झोप मोडतं, सकाळभर छळून मग अनोळखी माणसाकडे पाहून हसतं, आणि एवढं होऊनही ती तो राग त्याच्यावर काढत नाही, सोसून वाट पाहते. तिचं मोठेपण इथे आहे. राग नाकारणारी भावुकता आईबापांच्या काही कामाची नाही, असंही त्याने स्पष्ट म्हटलं. राग आहे हे कबूल केलं तरच तो आवरता येतो. श्यामच्या आईच्या हातातला फोक आणि नंतरचे अश्रू आठवले, तर विनिकॉटचं म्हणणं मराठी वाचकाला परकं वाटायचं कारण नाही.

‘ही पाश्चात्त्य खुळं आहेत, आपल्याकडे बायका कुरकुरत नव्हत्या,’ हा आक्षेप हमखास येतो. तो खरा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत लेकराचं कौतुक ओसंडून वाहतं आणि त्याच बायकांनी लेकीच्या जन्माचं दुःख, सासरचा जाच, एकटेपण, आईवाचून होणारी तगमगही त्याच जात्यावर गायली आहे. पहाटे, पुरुष झोपलेले असताना, दुसऱ्या बाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. प्रामाणिक बोलणं मराठी बाईकडे कायम होतं. ऐकणारं कोणी नव्हतं.

या आक्षेपात एक अंश मात्र मान्य करायला हवा. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना विश्रांती, रोज तेल लावून अंग रगडणारी आणि शेक-शेगडी करणारी बाई, डिंकाचे-अळिवाचे लाडू, कानाला बांधलेला रुमाल, या रिवाजात काही जुनी समजूत असली तरी बाळंतिणीला माणसं लागतात हे शहाणपण त्यात होतं. आज पुण्या-मुंबईतल्या किंवा परदेशातल्या दोन खोल्यांच्या घरात ती बाळासकट दिवसभर एकटी असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी लेकीच्या बाळंतपणाला आई सहा महिन्यांच्या व्हिसावर जाते, ती त्याच जुन्या शहाणपणापोटी. पण हा सगळा भार माहेरच्या बायकांनीच वाहायचा, असाही तो रिवाज होता. बाळाचा बाप बारशाला पाहुण्यासारखा यायचा. आजचा हिशेबही फार बदललेला नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, तर घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांची ८८.

बाईच्या सोसण्याचं कौतुक करत बसण्यापेक्षा तिच्या विश्रांतीचा खर्च कोणी करायचा, हे विचारणारी माणसंही याच महाराष्ट्रात झाली. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी सांगितलं. रमाबाई आणि बाबासाहेबांची पाचांतली चार मुलं लहानपणीच गेली होती. धाकटा राजरत्न तर दोनच वर्षांपूर्वी, १९२६ मध्ये. आईच्या हालांविषयी भावुक होण्याचा अधिकार या माणसाला इतर कोणाहूनही जास्त होता. त्यांनी कायद्याची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात प्रसूती-लाभ कायदा झाला. त्याच्याही आधी, १९२१ पासून, र. धों. कर्वे मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि दरवर्षीच्या बाळंतपणाने झिजून मरणाऱ्या बायकांबद्दल लिहीत होते. त्यांना समाजाने अश्लील ठरवलं. प्राध्यापकाची नोकरी गेली.

केंद्राच्या प्रसूती-लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी बारावरून सव्वीस आठवडे झाली. मोठी गोष्ट आहे. पण ती मुख्यतः दहा किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या आस्थापनांपुरती आहे. घरकाम करणारी, शेतात निंदणारी, बांधकामावर घमेली वाहणारी बाई तिच्या बाहेर आहे. तिच्यासाठी २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने किमान ६००० रुपयांचा हक्क लिहिला, तर २०१७ मध्ये आलेल्या मातृवंदना योजनेने पहिल्या मुलासाठी ५००० रुपये ठरवले. योजनेचं नाव वंदना, रक्कम हक्काहून कमी.

आणि बीडच्या ऊसतोड बाया. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस खाडा झाला तर दंड भरावा लागतो. पोट वाढलेलं असताना मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं, फडातच बाळंत व्हायचं, काही दिवसांत पुन्हा कोयता हातात घ्यायचा. मूल उसाच्या पाचटाजवळ झोळीत. पाळीचा, पोटदुखीचा त्रास घेऊन गेलेल्या बायांना पिशवी काढून टाका असं सांगितलं गेलं आणि खाडा परवडत नसल्याने त्यांनी ती काढली. आरडाओरड झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. मुलं झाली, आता पिशवीचा काय उपयोग, असं त्यांतल्या कितीतरी जणींना ऐकवलं गेलं होतं. बाईच्या शरीराकडे फक्त आई होण्याचं साधन म्हणून पाहिलं की ते साधन वापरून झाल्यावर फेकून देण्यापर्यंत मजल जाते. मातृदिनाच्या शुभेच्छांत या तेरा हजार आठशे एकसष्ट आया कुठे बसतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

काही गोष्टी सुधारल्या आहेत आणि त्याही सांगायला हव्यात. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातामृत्यू होते, तर महाराष्ट्रात ३३. केरळच्या खालोखाल हा आकडा होता. तो गौरवगीतांनी आला नाही. बाळंतपणं दवाखान्यात आणणाऱ्या आशा कार्यकर्त्या, परिचारिका, रक्तपेढ्या आणि रुग्णवाहिका यांच्यामुळे आला. कुठे काय बिघडतं ते मोजलं, कबूल केलं आणि दुरुस्त केलं, म्हणून बायका जगल्या. जी आई जगली तिच्या मनाचं आणि झोपेचं मोजमाप मात्र संशोधनाबाहेर अजून रुळायचं आहे.

ते फार अवघड नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं की बेचाळीस दिवसांत आशा कार्यकर्तीने सहा वेळा घरी जायचं असतं. ती बाळाचं वजन करते, ताप पाहते, नाळ पाहते. दीड महिन्याचा डोस द्यायला तर आई स्वतःच बाळाला घेऊन केंद्रावर येते. बाळंतिणीचं नैराश्य ओळखणारी दहा सोप्या प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरात आहे. हसू येतं का, विनाकारण घाबरायला होतं का, झोप लागत नाही इतकं वाईट वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटली का, असे ते प्रश्न. पाच मिनिटं पुरतात. महाराष्ट्राने दीड महिन्याच्या लसीबरोबर ते प्रत्येक आईला विचारायची सक्ती करावी आणि त्यासाठी आशांना वेगळं मानधन द्यावं. नाहीतर एका बाईचा भार दुसऱ्या कमी पगाराच्या बाईवर टाकल्यासारखं होईल. गोव्यात आजूबाजूच्याच सामान्य बायकांना शिकवून खचलेल्या गरोदर बायांना आधार देण्याचा प्रयोग झाला आहे आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. वाट कोणी दाखवायची उरलेली नाही.

घरातल्यांना सरकारची वाट पाहायचीही गरज नाही. घरात किंवा शेजारी बाळंतीण असेल, तर बाळाला उचलून घेण्याआधी तिच्याजवळ बसावं, रात्री किती झोप झाली ते विचारावं आणि उत्तर मध्येच तोडू नये. ती सारखी रडत असेल, बाळाजवळ जात नसेल किंवा जीव नकोसा झाला असं म्हणत असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.